भार पेलतो तो आकार

दोन खांबांवर एक दगड आडवा टाकला की दार तयार होते आणि दगडाची उणीवही लगेच उघडी पडते. दगड दाबाला जबर, पण ताणाला कच्चा. आडव्या दगडावर भार आला की तो नजरेला न कळेल इतका वाकतो. त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि तडा जातो तो नेहमी खालून. जुन्या दगडी मंडपांत खांबांची एवढी दाटी असते ती शोभेसाठी नव्हे. दोन खांबांतले अंतर वाढले की तुळई मोडते, हा अनुभव त्या दाटीमागे आहे.

लाकडाला, पोलादाला आणि सळया घातलेल्या काँक्रीटला ताण सोसतो. तिथेही किती माल घातला यापेक्षा तो कुठे घातला, याला अधिक महत्त्व असते. घराच्या बांधकामात सर्रास दिसणारा बीम २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० मिलिमीटर खोल असतो. तोच बीम आडवा पाडून ४५० रुंद आणि २३० खोल केला, तर काँक्रीट तेवढेच लागेल, पण छेदाची वाक सोसण्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येईल आणि त्याच भाराखाली तो पावणेचार पटींहून अधिक झुकेल. कारण छेदाची ताकद खोलीच्या वर्गाने वाढते आणि ताठरपणा घनाने. पोलादी गर्डरला इंग्रजी आय अक्षराचा आकार दिला जातो तोही याच हिशेबाने. मधल्या भागातल्या पोलादाला वाकताना फारसे काम नसते, म्हणून तिथला माल काढून वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत नेलेला असतो.

दगडी बांधकामात तर मालाच्या ताकदीचा प्रश्न सहसा येतच नाही. चांगल्या काळ्या पाषाणाला चिरडायला दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटनहून अधिक दाब लागतो. त्या पाषाणाचा सरळसोट खांब रचत गेले, तर तळचा दगड स्वतःच्याच ओझ्याने भुगा होण्याआधी खांब तीन किलोमीटरच्या वर गेलेला असेल. एवढी उंच इमारत कोणी बांधत नाही. दगडी वास्तू कोसळते ती दगड चिरडला म्हणून क्वचितच. बहुतेकदा भाराची वाट दगडातून बाहेर पडते, सांधा उघडतो, भिंत कलंडते आणि कमान बसते. म्हणून दगडी इमारतीचा निकाल प्रयोगशाळेपेक्षा आखणीच्या दोरीवर अधिक लागतो.

ही दोरी भारतात फार जुनी आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णावरील चौरस दोन्ही बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियम बौधायनाने स्पष्ट मांडला आहे. चौरसाचे जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाचे वर्तुळ कसे करावे, याची कृतीही तिथे आहे. आजही पाया आखताना गवंडी भिंतीच्या एका रेषेवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट मोजून खुणा करतो आणि त्या दोन खुणांमध्ये पाच फूट भरतात का ते पाहतो. भरले तर कोपरा काटकोनात. गुनिया हरवला तरी हे चुकत नाही, आणि पाया मोठा असला तर लहान गुनियापेक्षा लांब दोरी अधिक भरवशाची ठरते.

तुळईची मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग महाराष्ट्रातल्या यादवकालीन देवळांच्या छतांत दिसतो. चौकोनी मंडपाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून चौकोनाचा अष्टकोन करायचा, त्यावर पुन्हा तेच करून बाजू वाढवायच्या, की होता होता वर्तुळ हाती येते. त्या वर्तुळावर दगडांचे थर एकाच्या पुढे एक थोडेथोडे सरकवत नेले की छत मिटत जाते. इथे प्रत्येक थर आडवाच बसलेला असतो. बाजूला फारसा रेटा येत नाही, त्यामुळे भिंती फाकत नाहीत. पण पुढे आलेला प्रत्येक दगड मागच्या ओझ्याने धरून ठेवावा लागतो, म्हणून छताचा व्यास थोडक्यात आवरावा लागतो.

खऱ्या कमानीचे गणित वेगळे. तिचे दगड पाचरीसारखे घडलेले असतात आणि त्यांचे सांधे मध्याकडे रोखलेले असतात. वरचा दगड खाली यायला पाहतो तो शेजारच्या दोघांना दाबतच. भार दगडादगडांतून दाबाच्या रूपाने उतरत जातो आणि ताणाचा प्रश्न मिटतो. त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. कमानीचे पाय बाहेरच्या बाजूला रेटा देतात, आणि तो पेलायला जाड भिंत, धिरा किंवा शेजारची दुसरी कमान लागते. कमान जितकी बसकी, तितका रेटा मोठा. भार आणि गाळा तेवढेच ठेवून उंची निम्मी केली की रेटा साधारण दुप्पट होतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियाने याची किंमत मोजली आहे. इसवी सन ५३७ मध्ये पुरा झालेला तिचा सुमारे ३१ मीटर गाळ्याचा पहिला घुमट बसका होता. भूकंपांच्या धक्क्यांनंतर ५५८ मध्ये तो कोसळला. काही वर्षांतच त्याच जागी घुमट पुन्हा उभा राहिला, तो मात्र पहिल्यापेक्षा बराच उंच.

कमानीतून भार नेमका कोणत्या वाटेने उतरतो, हे समजायला सतराव्या शतकाची अखेर उजाडली. १६६६ च्या आगीनंतर लंडनच्या फेरउभारणीत ख्रिस्तोफर रेनचा सहकारी असलेल्या रॉबर्ट हुकने १६७५ मध्ये आपला शोध अक्षरांची उलथापालथ करून कोड्यात छापला. श्रेय आपल्या नावावर राहावे आणि गुपितही फुटू नये, असा त्या काळचा तो रिवाज होता. कोड्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा, की साखळी दोन टोकांना धरली तर ती ज्या वक्रात लोंबते, तोच वक्र उलटा केला की कमानीचा योग्य आकार मिळतो. लोंबत्या साखळीत फक्त ताण असतो. उलट्या केलेल्या कमानीत त्याच ठिकाणी फक्त दाब. त्या वक्राचे समीकरण हुकला सापडले नव्हते. ते १६९१ मध्ये लाइबनिझ, हॉयगेन्स आणि योहान बर्नोली यांनी मांडले.

याचा अर्थ प्रत्येक कमान साखळीच्याच आकाराची हवी, असा नाही. अर्धवर्तुळ आखायला सोपे, म्हणून रोमनांपासून तेच चालत आले. अट एवढीच, की उलटी साखळी कमानीच्या जाडीत कुठे तरी मावली पाहिजे. केवळ स्वतःचे वजन पेलणाऱ्या अर्धवर्तुळाकार कमानीची जाडी त्रिज्येच्या १०.७५ टक्क्यांच्या आसपास असली, तर ती जेमतेम मावते. जाडी त्याहून कमी असेल तर दगड कितीही कणखर असो, कमान उभी राहत नाही. या हिशेबात मीटरही येत नाहीत आणि टनही येत नाहीत, येते ते फक्त प्रमाण. म्हणूनच लहान नमुना उभा राहिला की त्याच प्रमाणातली मोठी कमानही उभी राहील, असे पूर्वीचे कारागीर बेलाशक धरून चालत. तुळईच्या बाबतीत हे चालत नाही. लहान तुळई सगळ्या अंगांनी दहापट केली की वजन हजारपट होते आणि तिचा छेद मात्र शंभरपट. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे बजावले होते. दगडी कमान त्याला अपवाद ठरते, कारण तिला ताकदीचा तुटवडा कधी भासतच नाही.

घुमटाला मात्र कमानीपेक्षा सवलत मिळते. कमान एका मध्याभोवती फिरवली की घुमट होतो, पण त्याच्या दगडांची आडवी वलयेही असतात. वरच्या वलयातले दगड आत पडायला पाहतात आणि एकमेकांना अडवून धरतात. म्हणून घुमटाचा माथा उघडा ठेवला तरी चालतो. रोममधल्या पँथिऑनच्या ४३.३ मीटर व्यासाच्या घुमटाला माथ्यावर मोठे गोल भोक आहे आणि तरी तो जवळजवळ १९०० वर्षे उभा आहे. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट जमिनीपासून उभारलेल्या सेंटरिंगशिवाय चढवला, तोही पुरे झालेले प्रत्येक वलय स्वतःला धरून ठेवते म्हणूनच. घुमट असल्याने जाडीही कमी लागते. अर्धगोल घुमट त्रिज्येच्या चार-साडेचार टक्के जाडीवर उभा राहू शकतो.

खालच्या वलयांची गोष्ट निराळी. पातळ अर्धगोलात माथ्यापासून सुमारे ५२ अंशांपर्यंत वलये दाबाखाली असतात, त्याखालची ताणली जातात. दगड-विटांना ताण सोसत नाही, तेव्हा खालचा भाग उभ्या भेगांनी संत्र्याच्या फोडींसारखा फुटतो. जवळपास प्रत्येक मोठ्या जुन्या घुमटाला अशा भेगा आहेत. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्सच्या घुमटाला त्या अठराव्या शतकात इतक्या वाढलेल्या दिसल्या, की पोपने तीन गणितज्ञांना बोलावले. त्यांच्या अहवालाने चिंता वाढली. मग पादुआच्या जोव्हानी पोलेनीने हुकची साखळी बाहेर काढली. त्याने कागदावर घुमटाच्या ५० फोडी केल्या, त्यांतल्या एका फोडीच्या भागांचे वजन मोजले आणि त्या प्रमाणातले ३२ गोळे दोरीला लटकवले. दोरीने घेतलेला वक्र उलटा करून घुमटाच्या छेदावर ठेवला, तर तो जाडीच्या आतच राहिला. पोलेनीने १७४८ मध्ये निष्कर्ष छापला की भेगा असूनही घुमट सुरक्षित आहे. खबरदारी म्हणून लोखंडी कडी मात्र चढवली गेली. एका दोरीवर आणि काही गोळ्यांवर एवढ्या मोठ्या घुमटाचा निवाडा झाला, ही स्थापत्याच्या इतिहासातली फार देखणी घटना म्हणावी लागेल.

या सगळ्या समीकरणांच्या आधी, १६५६ च्या सुमारास, विजापूरला मुहम्मद आदिलशहाचा मकबरा उभा राहिला होता. गोल घुमट या नावाने तो ओळखला जातो. दालन आतून चौरस, बाजू १३५ फूट ५ इंच. म्हणजे १८,००० चौरस फुटांहून अधिक जागा मधल्या एकाही खांबाशिवाय झाकलेली. पँथिऑनचा घुमट एवढे क्षेत्र झाकत नाही. घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट आणि जाडी तळाशी दहा फुटांच्या आसपास. चुन्यात बसवलेल्या विटांच्या या घुमटाला बाहेरून ना धिरे आहेत, ना लोखंडी कडी.

चौरसावर गोल बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे, हा घुमट बांधणाऱ्या प्रत्येकापुढचा पेच. देवळांच्या छतांत तो तिरप्या दगडांनी सोडवला, हागिया सोफियात कोपऱ्यांत गोलाचे त्रिकोणी तुकडे बसवून. विजापूरच्या स्थपतीने दोन चौरस घेतले. दोन्ही एकाच वर्तुळात बसणारे, पण दुसरा पहिल्यापेक्षा ४५ अंशांनी फिरवलेला. या दोन चौरसांच्या आठ बाजूंवर आठ उंच टोकदार कमानी उभ्या केल्या. मध्यभागी उभे राहून वर पाहिले, तर कमानी एकमेकींना छेदताना दिसतात. त्यांच्या छेदांतून आधी आठ टोकांचा तारा तयार होतो आणि ताऱ्याच्या पोटात नियमित अष्टकोन. कमानींमधल्या भागांत बांधकाम पुढेपुढे झुकवत नेले आहे. जमिनीपासून सुमारे ५७ फुटांवर हे झुकणे सुरू होते आणि १३५ फुटांचे दालन आवळत आवळत ९७ फूट व्यासाच्या गोल तोंडाशी येते.

यातली खरी खुबी या दोन आकड्यांच्या फरकात आहे. तोंड ९७ फुटांचे, घुमट १२४ फुटांचा. घुमटाचा पाय तोंडाच्या कडेवर ठेवलेला नाही, तो चांगला मागे नेला आहे. मधे उरलेली बारा फुटांहून अधिक रुंदीची जागा म्हणजे तिथली प्रसिद्ध गॅलरी. आवाजाची गंमत ऐकायला लोक तिथवर जिना चढतात. भिंतीशी कुजबुजलेले शब्द पलीकडच्या टोकाला ऐकू येतात ते वक्र भिंत आवाजाला आपल्या कडेकडेने सरकवत नेते म्हणून. ही गंमत आनुषंगिक. गॅलरीचे मुख्य काम दुसरेच आहे. घुमट पायाशी बाहेर रेटा देतो. गॅलरीखालचे बांधकाम आत झुकलेले आहे आणि त्याचे ओझे इमारतीला आतल्या बाजूला ओढते. बाहेरचा रेटा आणि आतली ओढ एकमेकांना पुष्कळसे मारतात, आणि उरलेले काम दहा फुटी भिंती करतात. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात हा मुद्दा मांडला आणि या रचनेला मनापासून दाद दिली. आज संगणकावर भार सोडवणाऱ्यालाही त्यात दोष काढणे जड जाईल. चार कोपऱ्यांतले सात मजली अष्टकोनी मनोरे नजर वेधून घेतात, पण घुमट तोलून धरला आहे तो आतल्या ताऱ्याने.

छेदत्या कमानींची ही युक्ती विजापूरच्या जामा मशिदीत लहान घुमटाखाली आधी वापरलेली होती. लहान प्रमाणात सिद्ध झालेली रचना मोठी करता येते, हा कमानीचा गुण इथे कामी आला.

एकोणिसाव्या शतकात स्वस्त लोखंड हाती आले आणि ताण सोसणारा माल मिळाल्यावर त्रिकोणाचे दिवस आले. चार काठ्या खिळ्यांनी जोडून चौकट केली तर ती एका बाजूला लोळते. त्याच चौकटीत एक कर्ण टाकला की ती ताठ होते. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकारही ठरतो, चौकोनाचा ठरत नाही. एवढ्या एका सत्यावर पूल, टॉवर आणि कारखान्यांची छपरे उभी आहेत. कौलारू घराची कैची हा त्याचाच घरगुती अवतार. वाशांचा बाहेरचा रेटा खालची आडवी तुळई ताणात घेते, म्हणून भिंती फाकत नाहीत. उंची मोकळी करण्यासाठी ही तुळई कापली, की काही पावसाळ्यांत भिंतीचा माथा बाहेर गेलेला दिसतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ मध्ये याचे सूत्रही दिले. सपाट सांगाड्यात सांध्यांच्या दुपटीतून तीन वजा केले की ताठरपणाला किमान किती दांड्या लागतात ते कळते. चार सांध्यांना पाच, म्हणजे चौकट आणि एक कर्ण. तिन्ही मितींत हिशेब सांध्यांच्या तिपटीतून सहा वजा असा होतो.

तिन्ही मितींतल्या त्रिकोणांचे भारतातले मोठे उदाहरण दिल्लीच्या प्रगती मैदानावर होते. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांचा हॉल ऑफ नेशन्स १९७२ च्या व्यापार मेळ्यासाठी बांधला गेला. सुमारे ७८ मीटर गाळा, मधे खांब नाही. अशी जाळी जगात सहसा पोलादी नळ्यांची करतात. इथे पोलाद महाग आणि मजूर स्वस्त, म्हणून संपूर्ण जाळी जागेवरच काँक्रीटमध्ये ओतली. एकेका सांध्यात अनेक दिशांनी येणाऱ्या दांड्यांच्या सळया एकत्र आणणे हे हातकामाचे दिव्य होते. एप्रिल २०१७ मध्ये ही वास्तू पाडण्यात आली. तिची उपयुक्तता संपली असा दावा केला गेला. जगभरच्या वास्तुरचनाकारांनी केलेला विरोध अधिक सयुक्तिक होता.

काँक्रीटच्या पातळ कवचांनी आणखी एक वाट दाखवली. घोड्याच्या खोगिरासारखा दिसणारा अतिपरवलयी पृष्ठभाग दोन्ही दिशांना वक्र असतो, तरी तो सरळ रेषांनी बनलेला असतो. म्हणजे सुताराला फळी वाकवावी लागत नाही. सरळ फळ्या थोड्याथोड्या तिरप्या लावत गेले की वक्र साचा तयार होतो. मेक्सिकोत फेलिक्स कांदेलाने १९५८ मध्ये सोचिमिल्कोच्या लॉस मानान्तियालेस या उपाहारगृहाचे छत असे केले. जाडी बहुतेक ठिकाणी अवघी चार सेंटिमीटर. साच्याची मजुरी वाढली तशी अशी कवचे मागे पडली. त्यांच्या भूमितीत मात्र काही खोट निघालेली नाही.

आतापर्यंतचा भार वरून खाली येणारा. भूकंपात तो आडवा येतो आणि मग नकाशाची भूमिती कसाला लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सर्वाधिक बळी घेतले ते जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांनी. भिंत जाड होती, पण ती प्रत्यक्षात बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मधे भर अशी होती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्यात पदर सुटे झाले. याउलट २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात मातीचे गोल भुंगे बऱ्याच ठिकाणी तगले. गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो आणि धक्का कुठूनही आला तरी ती त्याला सारखीच सामोरी जाते. त्याच भूकंपात अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता, आणि वरचे मजले विटांच्या भिंतींनी ताठ. सगळे वाकणे त्या एका मजल्यावर आले.

भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक, आयएस १८९३, याचा बराच भाग म्हणूनच आकाराबद्दल बोलतो. एल किंवा टी आकाराच्या नकाशात बाहेर आलेला भाग त्या दिशेच्या एकूण लांबीच्या १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर इमारत अनियमित धरली जाते. तळमजल्यांच्या बाबतीत २००२ च्या आवृत्तीत वरच्या मजल्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी ताठरपणा असलेला मजला मऊ मानला जाई. २०१६ च्या सुधारणेने ही सवलत काढून घेतली. त्या सुधारणेनुसार वरच्यापेक्षा जराही कमी ताठर असलेला मजला मऊच गणला जातो. पार्किंगवर उभ्या असलेल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी पुढच्या संरचनात्मक तपासणीच्या वेळी अभियंत्याला खांबांच्या भेगांबरोबर हा प्रश्नही विचारून घ्यावा.